बांधणीला गेलेली पुस्तकं

आमच्या वाचनालयात एक खुर्ची आहे. फिरती, चाकांची, दोन्ही हातांना गादी असलेली. ग्रंथपालांसाठी म्हणून आमचे अध्यक्ष आण्णा यांनी ती पुण्याहून आणली. त्याला किती उन्हाळे झाले ते मी सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही म्हणाल, हा सचिव फेकतोय. एवढंच सांगतो की तिच्यावरचं प्लास्टिक अजून शाबूत आहे. तिच्यावर मांजर बसलं, तपासणीला आलेले साहेब बसले, एका वर्षी गणपतीसुद्धा बसला. ज्यांच्यासाठी आणली त्या विमलआत्या मात्र कधी बसल्या नाहीत. आत्या गेल्या, खुर्ची नवीच राहिली.

विमलआत्या म्हणजे सगळ्या गावाच्या आत्या. त्या या गावच्या लेक. भीमेपलीकडे वडगाव रासाईला दिल्या होत्या. वर्षभरात नवरा गेला आणि त्या माहेरी परत आल्या त्या कायमच्या. सुनेवर गावाचे शंभर डोळे असतात, गावच्या लेकीचं तसं नसतं. तिच्या डोक्यावर पदर नसला तरी चालतं आणि तोंडाला आवर नसला तरी चालतं. आत्यांनी या दोन्ही सवलती शेवटच्या थेंबापर्यंत वापरल्या.

त्यांचे वडील मेंढरंवाले. दिवाळी झाली की कुटुंब, कोंबड्या, घोडं आणि मेंढरं घेऊन घाट उतरायचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचं, असं त्यांचं बालपण. शाळा झाली ती पावसाळ्यापुरती. पुढे भावांनी मेंढरं विकली, ऊस लावला, स्लॅबची घरं बांधली, दारात ट्रॅक्टर उभे केले. सगळं घराणं स्थिर झालं. आत्या तेवढ्या झाल्या नाहीत. त्या चालता चालता जेवत, चालता चालता पुस्तकावर शिक्का मारत आणि चालता चालता तुमची अब्रू काढत. पुस्तक घ्यायला आलेल्या माणसाला त्यांच्या मागोमाग वाचनालयाच्या दोन फेऱ्या घालाव्याच लागत. आमच्याकडे वाचकांचं वजन कमी झालं ते यामुळेच, असं मी अहवालात लिहिणार होतो, आण्णांनी खोडलं.

एकदा त्या दौंडला निघाल्या आणि पाटसच्या पुढे एसटी बंद पडली. सगळे उतरून सावलीला बसले, आत्या चालू लागल्या. एसटी दुरुस्त होऊन दौंडच्या स्टँडवर पोचली तेव्हा आत्या कामं उरकून परतीच्या गाडीची वाट बघत उभ्या होत्या आणि कंडक्टरला म्हणत होत्या, "अर्ध्या तिकिटाचं पैसं परत दे, मी अर्धीच बसले." ही गोष्ट मी जिथे जिथे सांगतो तिथे कुणी विश्वास ठेवत नाही. कंडक्टरला विचारा.

बसण्याविषयी त्यांचं एकच मत होतं. "बसून काय मिळतं? गुडघं." आणि हेच मत त्यांनी कपाटांनाही लावलं होतं. दर दोन-तीन महिन्यांनी वाचनालयातली सगळी कपाटं जागा बदलत. मेंढरं जशी एका रानातून दुसऱ्या रानात बसवायला न्यावीत, तशी. "एका जागी ऱ्हायलं की खाली वाळवी धरती. मग मेंढरू असू नायतर कपाट." मेंढराला वाळवी कशी धरते हे विचारायची कुणाची छाती नव्हती. कपाटं हलवायला पैलवान तात्या येत. हे आमच्या समितीचे सदस्य. तालमीचे वस्ताद, मान आणि खांदा यांच्यात फरक नसलेले. ते एकटे कपाट उचलत, पुस्तकांसकट. या फिरवाफिरवीत आमचे एक निवृत्त गुरुजी सवयीने कोपऱ्यातल्या धार्मिक कपाटाकडे गेले आणि जाड बांधणीचं पुस्तक घेऊन घरी आले. सकाळी आंघोळ करून, पाटावर बसून पारायण सुरू केलं. कोंबड्यांच्या लसीपर्यंत पोचेस्तोवर त्यांच्या काही लक्षात आलं नाही. पुढे त्यांनी खुराडं घातलं. आज अंडी विकतात. म्हणजे आत्यांनी नुकसान कुणाचंच केलं नाही.

आता मुद्द्यावर येतो, कारण ज्यासाठी मी लिहायला बसलोय ते हे नव्हे.

आमच्या वाचनालयातली बरीच पुस्तकं कायम बांधणीला गेलेली असत. फाटलेली पुस्तकं दौंडला कासमचाचांकडे जायची. रेल्वे स्टेशनच्या मागे त्यांचं बाइंडिंगचं दुकान. आत्या दर गुरुवारी पिशवी भरून निघत. मी नवा नवा सचिव झालो तेव्हा उत्साहाच्या भरात कासमचाचांना घाई करायला म्हणून स्वतः दौंडला गेलो. दुकानाच्या जागी मोबाईलच्या काचा बदलून मिळत होत्या. कासमचाचांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी तसाच परत आलो आणि आत्यांच्या मागे फेऱ्या घालत विचारलं, "आत्या, कासमचाचा तर गेले."

"व्हय," आत्या म्हणाल्या. "माती द्यायला मी हुते."

"मग पुस्तकं कोण बांधतंय?"

त्या थांबल्या नाहीत, फक्त आवाज खाली आला. "सचिवा, ह्या गावात चोरून दारू प्यायला जागा हाय. चोरून पत्ते कुटायला जागा हाय. चोरून वाचायचं कुठं रं?"

मग मला कळलं. पिशवीतली पुस्तकं दौंडला जातच नव्हती. ती गावातच, वस्त्यांवर, दुधाच्या किटलीमागून, पिठाच्या डब्यातून जात होती. ज्यांना आपल्या नावावर पुस्तक नको होतं, त्यांचं पुस्तक बांधणीला. एका मोठ्या घरातली सून भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करत होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. तिची पुस्तकं बांधणीला. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाच्या फडावर कोप्या घालून राहणारी तोडकरी जोडपी येत. त्यांना कायमचा पत्ता नाही, म्हणून सभासद होता येत नाही. त्यांच्या लेकरांची पुस्तकं बांधणीला, हंगाम संपेपर्यंत. आणि पैलवान तात्या, ज्यांच्या खाकरण्याने तालमीतले पठ्ठे सरळ उभे राहत, ते प्रेमाच्या कादंबऱ्या वाचून रडत, त्याही बांधणीला. परत आलेल्या पानांवर डाग पडलेले असत. आत्या म्हणत, "तात्याच्या हातनं पुस्तक आलं की आधी उनात वाळत घालावं लागतंय."

आणखी कोण कोण होतं, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

असं सगळं बिनबोभाट चाललेलं असताना आण्णांच्या मनात संगणक आला.

आण्णा म्हणजे गावातले मोठे बागायतदार. सोसायटी त्यांची, पतसंस्था त्यांची, वाचनालयही त्यांचंच. भाषणाला उभे राहिले की माइक गरम होऊन बदलावा लागे. कागद समोर आला की मात्र म्हणत, "सचिव, वाचा. माझा चष्मा गाडीत राहिला." चष्मा कायम गाडीतच असे. आण्णा कुठल्याशा सत्काराला शिरूरला गेले आणि तिथे कुणीतरी त्यांना सांगितलं की आता वाचनालयं सॉफ्टवेअरवर चालतात. यादी, देवघेव, सगळं. परत आल्या आल्या त्यांनी समितीची बैठक लावली. "आपुनबी करायचं. फीत कापायची. सगळ्यात भारी सॉफ्टवेअर निवडायचं, मागं पुढं बघायचं न्हाई."

आत्या त्या वेळी खिडकीपासून दारापर्यंत जात होत्या. दाराशी पोचल्या आणि वळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

पहिलं सॉफ्टवेअर घेऊन आला तो टाय लावलेला एक पोरगेलासा माणूस. त्याने भिंतीवर चित्र पाडलं आणि म्हणाला, "सर, पुस्तक इश्यू केलं की मेंबरच्या मोबाईलवर त्याच सेकंदाला मेसेज. पुस्तकाच्या नावासकट."

आण्णा खूष. "बघा! शेकंदाला!"

"नंबर कुणाचा?" आत्यांनी चालत विचारलं.

"मेंबरचा, मॅडम. फॉर्मवर असतो तो."

फॉर्मवर कुणाचा नंबर असतो हे त्या टायला ठाऊक नव्हतं, आम्हाला होतं. बायकांच्या फॉर्मवर नवऱ्याचा, पोरींच्या फॉर्मवर बापाचा, म्हाताऱ्यांच्या फॉर्मवर नातवाचा. आणि बांधणीवाली काही मंडळी तर सभासदही होती, दिखाव्याला पाककृतीचं पुस्तक न्यायची. या सॉफ्टवेअरमध्ये नावावर टाकल्याशिवाय पुस्तक हलत नव्हतं; ते आलं असतं तर सूनबाई अभ्यासाचं पुस्तक घेऊन वेशीपर्यंत पोचायच्या आत सासऱ्याच्या खिशात टिंग झालं असतं.

आत्यांनी यातलं काही सांगितलं नाही. एक फेरी पूर्ण केली आणि आण्णांच्या मागे येऊन सहज म्हणाल्या, "चांगलं हाय की. आण्णा, फकस्त एवढंच वाटतं, सोसायटीचं इलेक्शन तोंडावर हाय. समोरच्या पॅनेलच्या घरात कोण काय वाचतंय ते तुमच्या मशिनीला कळतंय, अशी उद्या बोंब झाली, तर आपली तयारी हाय ना?"

आण्णांचा चेहरा असा उतरला की भिंतीवरचा प्रकाशही कमी झाला. टायवाल्याला चहा पाजून पाटसच्या बसमध्ये बसवून दिलं.

दुसरं सॉफ्टवेअर जास्त कडक होतं. त्याचा माणूसही कडक. त्याने प्रत्येक कपाटावर चिकटपट्टी लावली, नकाशा काढला आणि संगणकात भरला. आत्यांनी त्याला तो प्रश्न विचारला जो पुढे त्या सगळ्यांना विचारत राहिल्या. "बांधणीला गेल्यालं पुस्तक किती दिस गेल्यालं चालतं?"

"महिनाभर. मग सिस्टीम त्याला आपोआप गहाळ धरते आणि अध्यक्षांच्या लॉगिनला लाल रंगात दाखवते. चौकशी लावल्याशिवाय लाल जात नाही."

गहाळ. चौकशी. चौकशी म्हणजे आत्यांना समोर उभं करून विचारायचं, बाई, एवढी पुस्तकं कुठं आहेत? आणि आत्यांना एक तर चोर व्हायचं, नाही तर नावं सांगायची.

"जेवून घ्या तुम्ही," आत्या म्हणाल्या. "आमच्याकडं पाव्हण्याला उपाशी काम करू देत न्हाईत."

त्याला आण्णांच्या घरी जेवायला नेलं. पिठलं, भाकरी, ठेचा, वर ताक. आत्यांनी आग्रहाला मला पाठवलं. तो जेवून परत आला तेव्हा पैलवान तात्या दारात घाम पुसत उभे होते आणि वाचनालयातली सगळी कपाटं वाचनालयातल्या सगळ्या दुसऱ्या जागी गेली होती.

"तुमचं मशीन म्हणतंय, इतिहास हितं हाय," आत्या त्याला मुतारीच्या दारासमोर उभं करून म्हणाल्या. "काढा की मग."

"अहो मॅडम, कपाटं हलवायची नसतात!"

"का? मुळं फुटल्यात का त्यास्नी?"

तो माणूस गेला. पुण्यापर्यंत त्याचा ठसका गेला नसणार. ठेचा आमच्या गावचा होता.

आता आण्णांनाही संशय येऊ लागला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सचिव, ह्या बाईला सॉफ्टवेअर पायजे का न्हाई? एक तिसरं बघू. तेबी न्हाई म्हटली तर मग ग्रंथपालच दुसरा बघू." हे मी आत्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, दोन फेऱ्या मारल्या. "दुसरा ग्रंथपाल खुर्चीवर बसंल," एवढंच म्हणाल्या. मला त्याचा अर्थ बरोबर कळला. बसलेला माणूस पिशवी घेऊन वस्त्यांवर जात नाही.

तिसरं सॉफ्टवेअर शिरूर तालुक्यातल्या एका वाचनालयात आधीच चालू होतं. ते बघायला आम्ही आण्णांच्या जीपमधून निघालो. पुढे आण्णा, मागे मी, पैलवान तात्या आणि जीपमध्येही अर्धवट उभ्या असलेल्या आत्या. भीमेचा पूल ओलांडला. वडगाव रासाईचा फाटा आला तशा त्या म्हणाल्या, "थांबवा जरा."

खाली उतरल्या. मला वाटलं, पाय मोकळे करतायत. फाट्यावर उभ्या राहून गावाच्या दिशेने बघत राहिल्या. मी शेजारी गेलो.

"माझं आयुष्यभराचं बसणं म्या ह्या गावात बसून घेतलंय," त्या म्हणाल्या. "नवरा आजारी. सासूनं म्हणायचं, त्याच्यापशी बस. बसले. शेजारणीकडनं एक पुस्तक आणलं हुतं, त्याला झोप लागली की वाचायची. सासूनं बघितलं. नवरा मरायला टेकलाय आन् ही गोष्टी वाचती. चुलीत घातलं. तवा चार पानं ऱ्हायली हुती, सचिवा. शेवट काय झाला ते अजून ठावं न्हाई."

"नाव काय पुस्तकाचं? आपण शोधू की."

"वरचं पानच नव्हतं त्याला," आत्या म्हणाल्या. "बांधणीला द्याया झाल्यालं हुतं." आणि जीपकडे चालू लागल्या. वळून आण्णांवर ओरडल्या, "चला की, का मुक्काम करायचाय?"

त्या वाचनालयात सॉफ्टवेअर झकास चालत होतं. कंपनीचा माणूस तिथेच आला होता. शांत, चष्मेवाला, गोड बोलणारा. मेसेज बंद ठेवता येत होते. कपाटांचं नाव टाकलं नाही तरी त्याला राग येत नव्हता. आत्यांनी आपला प्रश्न टाकला.

"बांधणीला मुदत तुम्ही ठरवाल ती, मावशी. नाही ठरवली तरी चालतं. पुस्तक बांधणीतच राहतं."

मी बघितलं, आत्यांची चाल हलकी झाली.

"फक्त एक," तो म्हणाला, "बाइंडरचा मोबाईल नंबर भरावाच लागतो. त्याशिवाय पुढे जात नाही. दर सोमवारी त्याला आठवणीचा मेसेज जातो, एवढी पुस्तकं तुमच्याकडे आहेत म्हणून."

आत्या चालता चालता भिंतीशी पोचल्या आणि वळल्याच नाहीत. भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मेलेल्या माणसाचा मोबाईल नंबर कुठून आणायचा?

आण्णांना सॉफ्टवेअर पसंत पडलं. पुढचा महिना मी संगणकावर पुस्तकं भरत होतो. आत्या माझ्या मागे फेऱ्या घालत नावं सांगत. "हे बांधणीला टाक. हेबी बांधणीला. ह्येचं अक्षर लई मोठं हाय, टाक बांधणीला." बाइंडरच्या नंबरची जागा रिकामी ठेवून, दुसऱ्या एका खिडकीतून, चोरवाटेने मी ती भरत राहिलो. ते कसं केलं ते विचारू नका. मला पुन्हा जमणार नाही.

मग ती बैठक आली. फीत आणलेली, पेढे आणलेले, समिती सगळी हजर, कंपनीचा चष्मेवाला भिंतीवर चित्र पाडून उभा. त्याने यादी दाखवली, टाळ्या. शोध दाखवला, टाळ्या. मग म्हणाला, "आणि हे बघा, बांधणीचा रिपोर्ट," आणि बटण दाबलं.

भिंत भरली. भिंत पुरली नाही, काही नावं छताकडे गेली असं मला दिसलं. इतरांना दिसलं की नाही माहीत नाही.

"एवढी?" आण्णा उठून उभे राहिले. "अर्धं वाचनालय बाइंडरकडं? कोण हाय हा बाइंडर? बोलवा त्याला! न्हाई आला तर पोलिसांत द्या! सचिव, वाचा ती नावं. माझा चष्मा गाडीत राहिलाय."

मी आत्यांकडे पाहिलं. त्या खुर्चीपाशी उभ्या होत्या. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. प्लास्टिक त्यांच्या बोटांखाली कुरकुरत होतं. इतकी वर्षं मी त्यांना ओळखत होतो, आमच्या वाचनालयात त्यांना स्तब्ध कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता बसतात. आणि बसल्या तर संपलं सगळं.

"वाचा!"

मी वाचू लागलो. "भरती परीक्षा, संपूर्ण मार्गदर्शक, भाग एक." "भाग दोन." खजिनदार पेढ्याचा खोका बघू लागले, मोठ्या घरातली ती सून त्यांचीच होती, पण त्यांच्या डोक्यात अजून काही शिरलेलं नव्हतं. "चांदण्यातली रेवती," मी वाचलं. पैलवान तात्यांना खोकला आला. असा आला की खिडकीचं दार हललं. "रेवतीचा विरह." तात्या पाणी प्यायला उठले आणि बसले आणि पुन्हा उठले.

"पुढं!" आण्णा गरजले.

"मोठ्या अक्षरांची चित्रमाला," मी वाचलं. "पुष्प पहिलं, मनीमाऊचं दुकान. पुष्प दुसरं, हत्तीदादाची मोटार. पुष्प तिसरं..."

"थांबा," आण्णा म्हणाले.

मी थांबलो. मी वर पाहिलं. आण्णांचं तोंड मी भाषणात लाल झालेलं पाहिलंय, रागाने काळं झालेलं पाहिलंय. असं पांढरं कधी पाहिलं नव्हतं. ते भिंतीकडे बघत नव्हते. आत्यांकडे बघत होते. आत्या खाली बघत होत्या.

आणि तेव्हा, इतक्या वर्षांनंतर, मला तो गाडीतला चष्मा कळला. आण्णा आणि आत्या एका वर्गात होते. आण्णांनी पहिलीतच शाळा सोडली, बापाने बैलांमागे लावलं. नंतर सह्या शिकले, भाषणं शिकले, माणसं शिकले. वाचायचं राहून गेलं होतं.

"हा बाइंडर," आण्णा सावकाश म्हणाले, "मला ठावं हाय."

सगळे बघू लागले.

"दौंडचा हाय. म्हातारा माणूस हाय. हात थरथरत्यात त्याचं. येळ लागतो त्याला."

"लई येळ लागतो," पैलवान तात्या दारातून म्हणाले. "पर शिलाई पक्की. कुस्तीचं पुस्तक दिलं हुतं म्या एकदा, अजून उसवलं न्हाई."

"डोळ्याला कमी दिसतं ना त्याला?" कोपऱ्यातून अंडीवाले गुरुजी म्हणाले. ते कशासाठी बोलले, देव जाणे; त्यांचं काय बांधणीला होतं तेही देव जाणे. "एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय बहुतेक."

"दुसऱ्याचं व्हायचंय," तात्या म्हणाले.

बघता बघता त्या बैठकीत एक आख्खा माणूस उभा राहिला. त्याला मधुमेह झाला, मुलगा नीट वागेना, जागेची केस लागली. कुणी म्हणालं, त्याने बांधणीचे दर कधी वाढवले नाहीत. खजिनदारांच्या डोक्यात याच सुमाराला काहीतरी शिरलं असावं, कारण ते एकदम पेढ्याचा खोका बंद करून म्हणाले, "अशा माणसाला घाई करू नये. अभ्यासाची पुस्तकं तर नीटच बांधायला पाहिजेत." आत्यांनी झटकन मान वर केली.

कंपनीचा चष्मेवाला बिचारा हे सगळं ऐकून हळवा झाला होता. "मग मुदत नको टाकू?" तो म्हणाला. "फक्त त्यांचा मोबाईल नंबर द्या."

म्हाताऱ्याला आम्ही आजार दिले, केस दिली, मोबाईल कुणाला सुचला नव्हता.

"त्याच्याकडं फोन न्हाई," आण्णा म्हणाले. "माझा टाका. निरोप मी पोचवीन."

फीत कापली. आत्यांनी खुर्चीवरचा हात काढला आणि चालू लागल्या. जाता जाता खोक्यातला पेढा उचलला, अर्धा तोंडात टाकला आणि पैलवान तात्यांना म्हणाल्या, "रेवती वाळली असंल तर आणून द्या. रांग हाय तिला."

त्यानंतर आत्या फार दिवस राहिल्या नाहीत. पण मी त्यांना शेवटचं बघितलं ते आजारपणात नव्हे. ते ऐन हंगामात. पाटसच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, गाणी लावलेली. मी मोटरसायकलवरून आण्णांच्या मळ्यात सहीला गेलो. घरात कुणी नव्हतं. गोठ्याच्या मागून आवाज येत होता, आण्णांचा, पण सभेतला नव्हे. अडखळणारा. कडब्याच्या गंजीआडून मी पाहिलं. आण्णा बाजेवर बसले होते, मांडीवर पुस्तक, बोट ओळीवर. त्यांच्यासमोर आत्या, पिशवी खांद्याला, म्हशींपासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून म्हशींपर्यंत.

"पुढं," त्या म्हणत. बैठकीत त्या आण्णांना अहो-जाहो करत; इथे ते नव्हतं. "नजर पुढं जाऊ दे. मागच्या अक्षरापशी बसू नगंस."

तेवढ्यात बाजेवरचा फोन टिंग झाला. सोमवार होता.

आण्णांनी फोन उचलला आणि नेहमीसारखा बाजूला ठेवला नाही. डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. "प्रिय," ते म्हणाले. मग बोट पडद्यावर पुढे सरकलं. "बा... इंडर. आप... आपल्या कडे वाचना... लयाची... पुस्तके आहेत." घाम फुटला होता त्यांना. "कृपया... लव... लवकर परत करावीत."

त्यांनी वर पाहिलं. सोसायटीची निवडणूक जिंकल्यावरही मी तो चेहरा पाहिला नव्हता.

आत्या विहिरीजवळून वळल्या होत्या, त्या तशाच येत राहिल्या. बाजेपाशी आल्या, आण्णांच्या मांडीवरचं मोठ्या अक्षरांचं पुस्तक उचलून पिशवीत टाकलं आणि पिशवीतून दुसरं, जाडसर, काढून तिथे ठेवलं.

"चष्मा करून घे," त्या म्हणाल्या. "ह्येचं अक्षर बारीक हाय."

आणि थांबल्या नाहीत. पुढच्या वस्तीची वाट उसातून जात होती. ऊस त्यांच्यापेक्षा उंच होता. त्या दिसेनाशा झाल्या तरी पाचट वाजत होतं, बराच वेळ, लांब लांब जात.